मांजरीतलं भाड्याचं घर: आधी भाडेकरू, मग फ्लॅट

पुण्याच्या मांजरीत फ्लॅट बघायला बहुतेक लोक रविवारी दुपारी येतात. साइटवरचा मुलगा बाराव्या मजल्यावर नेऊन नदी आणि पलीकडची खराडी दाखवतो, मगरपट्टा ‘दहा मिनिटांवर’ असल्याचं सांगतो. रविवारी दुपारी ते बऱ्याच अंशी खरंही असतं. पण घर भाड्याने देण्यासाठी घेणार असाल, तर मे महिन्यातल्या एखाद्या मंगळवारी सकाळी सात वाजता तिथे जा. गेटपाशी उभं राहून आत येणारे पाण्याचे टँकर मोजा. साडेआठला तिथूनच दुचाकी काढून मगरपट्ट्याला पोचा आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवा. संध्याकाळी साडेसहाला पंधरा नंबर चौकातून मांजरी रोडला वळून परत या. तुमचा भाडेकरू हे सगळं रोज करणार आहे. एक-दोन वर्षांनी त्याला ते असह्य झालं की तो घर सोडतो, आणि घर रिकामं पडलं की तुमचा हिशेब बिघडतो.

आम्ही नवराबायकोने मांजरी बुद्रुकमध्ये दोन खोल्या-स्वयंपाकघराचा फ्लॅट घेतला, तेव्हा यातलं काहीच केलं नव्हतं. दर बरा वाटला, कर्ज मंजूर झालं, घेतला. पहिला भाडेकरू सात महिन्यांत गेला. जाताना त्याने शांतपणे सांगितलं, ‘काका, घर छान आहे, पण सकाळी आंघोळीच्या वेळी पाणी जातं आणि बायकोला कामाला जायला बस नाही.’ त्या वाक्याने मला या विषयातलं जेवढं शिकवलं, तेवढं नंतर कुणी शिकवलं नाही. म्हणून हा लेख फ्लॅटच्या आधी भाडेकरूपासून सुरू करतो.

मांजरीत भाड्याने राहायला कोण येतं? मगरपट्टा सिटी, फुरसुंगीचं एसपी इन्फोसिटी आणि नदीपलीकडच्या खराडीतल्या आयटी कंपन्यांमधले तरुण येतात. हडपसर औद्योगिक वसाहतीतले तंत्रज्ञ, हडपसरच्या रुग्णालयांतल्या परिचारिका, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये काम करणारे येतात. गावातच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. बाजार समितीचा अण्णासाहेब मगर उपबाजार आहे, तिथे भाजीची उलाढाल चालते. सोलापूर रस्त्याने पुढे लोणी काळभोरला मोठं खासगी विद्यापीठ आहे. या सगळ्यांना एकाच प्रकारचं घर लागत नाही. आयटीतल्या जोडप्याला लिफ्ट, पार्किंग, चांगलं इंटरनेट आणि घरून काम करायला एक जादा खोली हवी असते. पाळीत काम करणाऱ्या परिचारिकेला रात्री अकराला रिक्षातून उतरून उजेडातून चालत घरी जाता आलं पाहिजे. औद्योगिक वसाहतीतल्या माणसाला क्लबहाउस नको असतं, कारण त्याचा मेंटेनन्स शेवटी भाड्यातूनच जातो. यातला कोणता भाडेकरू तुम्हाला हवा, हे आधी ठरवा. मग मांजरी फार्म, महादेवनगर, घुले वस्ती, गोपाळपट्टी यांपैकी कुठे शोधायचं ते आपोआप ठरतं.

पुणे-दौंड रेल्वेमार्गावर मांजरी बुद्रुक हे स्थानक आहे. फाटकावर उड्डाणपूल होण्याआधी रेल्वेरुळाच्या अलीकडचं घर आणि पलीकडचं घर यांत रोजच्या आयुष्याचा मोठा फरक होता. फाटक बंद असलं की शाळेची बस, रुग्णवाहिका, सगळं थांबायचं. पुलाने तो त्रास बराच हलका केला. भाड्याच्या गुंतवणुकीत अशा गोष्टींकडे लक्ष ठेवा. मात्र ‘इथून मेट्रो जाणार’, ‘इथून रिंगरोड जाणार’ या वाक्यांवर पैसे मोजू नका. पूल बांधून वाहतूक सुरू झाली की भाडं वाढतं. नकाशावरच्या रेषेचं भाडं कुणी देत नाही, तिची किंमत मात्र बिल्डर आजच घेतो.

पाण्याचं सविस्तर सांगायला हवं. मांजरी बुद्रुक ३० जून २०२१ रोजी इतर २२ गावांबरोबर पुणे महापालिकेत आलं. महापालिकेत आल्याने नळाला पुरेसं पाणी त्याच दिवशी येत नाही. आधी जलवाहिनी, टाकी, वितरणाचं जाळं व्हावं लागतं. तोवर अनेक सोसायट्या कूपनलिका आणि टँकर यांवर दिवस काढतात. घर बघताना सोसायटीच्या अध्यक्षांना किंवा सचिवांना भेटून मागच्या वर्षीच्या जमाखर्चातला टँकरचा खर्च विचारा. तो वार्षिक सभेच्या अहवालात छापलेला असतो. टँकरचा खर्च फुगत चालला असेल तर मेंटेनन्स वाढणार, आणि तो मालकानेच भरायचा असतो. वॉचमनला विचारा, लिफ्टमध्ये भेटलेल्या आजींना विचारा. क्षारांमुळे गीझर आणि नळ किती दिवसांत खराब होतात, हे प्लंबर सांगेल.

नदीचंही बघून घ्या. मुळा-मुठेच्या दक्षिणेला मांजरी बुद्रुक आणि उत्तरेला मांजरी खुर्द. नदीकाठी दोन पूररेषा आखलेल्या असतात: २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करता येत नाही. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की काठावर काय होतं, ते पावसाळ्यात एकदा स्वतः जाऊन बघावं. संध्याकाळी डास किती येतात तेही बघावं. जलपर्णीने भरलेल्या पात्राजवळच्या ‘रिव्हर व्ह्यू’ फ्लॅटच्या खिडक्या बारा महिने बंद असतात.

आता हिशेब. आकडे मी समजुतीसाठी धरतोय, तुम्ही त्यांच्या जागी तुमचे घाला. समजा, पूर्ण झालेल्या इमारतीतला टू बीएचके ६० लाखांचा आहे. महापालिका हद्दीत मेट्रो अधिभारासह मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. खरेदी बाईच्या एकटीच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत मिळते. नोंदणी फी ३० हजार. किचन ट्रॉली, कपाटं, ग्रील, गीझर, पंखे यांचे ३ लाख. झाले साडेसदुसष्ट लाख. (बांधकाम चालू असलेली इमारत असेल तर वर ५ टक्के जीएसटी. घर ४५ लाखांपर्यंतचं आणि पुण्यात ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंतचं असेल तर १ टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर जीएसटी नाही.)

भाडं महिना २० हजार धरू. बारा महिन्यांचं धरू नका, अकराच महिन्यांचं धरा. कारण भाडेकरू बदलताना एक महिना जातोच. म्हणजे २ लाख २० हजार. त्यातून मेंटेनन्स ३० हजार, मिळकतकर १५ हजार, दर दोन वर्षांनी एजंटला एक महिन्याचं भाडं म्हणून वर्षाला १० हजार, रंग आणि दुरुस्तीसाठी बाजूला काढलेले १५ हजार. हाती दीड लाख राहिले. साडेसदुसष्ट लाखांवर हे सव्वादोन टक्क्यांच्याही किंचित आतच. बँकेची साधी मुदतठेव यापेक्षा जास्त देते. हा आकडा वाचून कुणी विचार सोडून दिला तर मला वाईट वाटणार नाही.

कर्ज काढून घेणार असाल तर आणखी एक आकडा लागेल. ४० लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के व्याज: महिन्याचा हप्ता साधारण ३४ हजार ७००. घरातून निव्वळ मिळणारे साडेबारा हजार. म्हणजे दर महिन्याला २२ हजार तुमच्या पगारातून जाणार, आणि तेही अनेक वर्षं. ‘भाड्यातून हप्ता फिटेल’ असं कुणी म्हणालं तर त्याला हे गणित कागदावर करून दाखवायला सांगा.

मग लोक घेतात कशासाठी? कारण हप्ता तिथेच राहतो आणि भाडं वाढतं. २० हजारांचं भाडं वर्षाला ५ टक्क्यांनी वाढलं, तर बाराव्या वर्षाअखेर ते ३५-३६ हजारांवर जाऊन हप्त्याला गाठतं. विसाव्या वर्षी कर्ज फिटलेलं असतं आणि निवृत्तीच्या वयात दर महिन्याला पेन्शनसारखी रक्कम येते. दीर्घकालीन गुंतवणूक म्हणायची ती ही. पाच वर्षांत विकून नफा काढायचा विचार असेल, तर मुद्रांक शुल्क, एजंट, कर आणि व्याज यांतच बराचसा नफा संपतो. पहिली बारा वर्षं नोकरी गेली, आजारपण आलं, तरी हप्ता चालू ठेवण्याची ताकद असेल तरच या वाटेला जा. किमान एक वर्षाचे हप्ते वेगळ्या ठेवीत टाकून मगच सही करा.

इथे एक धोका सांगायलाच हवा, कारण मांजरीत तो शहराच्या मध्यभागापेक्षा मोठा आहे. कोथरूड किंवा सदाशिव पेठेत नवी मोकळी जमीन उरलेली नाही. मांजरीत अजून उसाचे फड दिसतात. आज तुमच्या बाल्कनीसमोर जे हिरवं दिसतं, तिथे पाच-सात वर्षांत पंचवीस मजली टॉवर उभा राहणार असं धरूनच चाला. नवा टॉवर आला की त्यातले शेकडो फ्लॅट एकदम भाड्याला निघतात. तरुण भाडेकरू नव्याकडे जातो आणि जुन्या इमारतीतलं भाडं काही वर्षं जागचं हलत नाही. करारात लिहिलेली ५ टक्के वाढ तेव्हा कागदावरच राहते. त्यामुळे ज्या गुणाची नक्कल समोरच्या शेतात होऊ शकते, त्या गुणासाठी जास्त पैसे देऊ नका. जिम, पोहण्याचा तलाव, लॉबीतली संगमरवरी फरशी यांची नक्कल होते. मुख्य रस्त्यापासून चालत पाच मिनिटांचं अंतर, बसथांबा, स्थानक, चांगली शाळा, भरवशाचं पाणी यांची सहज होत नाही.

भाड्यावर जगण्याचा मोठा धडा या परिसराने स्वतःच दिलेला आहे. मगर कुटुंबीय आणि शेजारचे शेतकरी यांनी सुमारे ४०० एकर जमीन तुकड्या-तुकड्याने विकून टाकली नाही. सतीश मगर यांच्या पुढाकाराने ती एकत्र केली, जमिनीच्या प्रमाणात कंपनीत हिस्सा घेतला आणि मगरपट्टा सिटी उभी केली. आसपासच्या कितीतरी गावांत जमीन विकून आलेले पैसे गाडी, लग्न आणि उसनवारीत संपले. मगरपट्ट्यातल्या कुटुंबांकडे मालकी आणि उत्पन्न दोन्ही राहिलं. आपण एका फ्लॅटचे मालक, त्यांच्याशी तुलना कशी करणार? तरीही त्यातून एक गोष्ट घेता येते: दीर्घकाळ टिकते ती जमीन. इमारत दरवर्षी जुनी होत असते. म्हणून तुमच्या फ्लॅटखालच्या जमिनीत तुमचा वाटा किती आणि तो कागदावर आहे का, हे बघा.

कागदांकडे येतो. प्रकल्प नवा असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाका. तिथे मंजूर नकाशा, टायटल रिपोर्ट, जमिनीवरचा बोजा, ताबा देण्याची तारीख आणि ती किती वेळा पुढे ढकलली, सगळं दिसतं. इमारत जुनी असेल तर भोगवटा प्रमाणपत्र बघितल्याशिवाय टोकनही देऊ नका. गाव महापालिकेत येण्याआधीच्या अनेक इमारतींना ग्रामपंचायतीच्या काळातली कागदपत्रं आहेत, काहींना पीएमआरडीएची परवानगी आहे, काही गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या तुकड्यांवर परवानगीविना उभ्या आहेत. ‘अहो, इथे सगळ्यांचंच असं आहे’ हे उत्तर मिळालं की तिथून उठा. अशा घराला भाडेकरू मिळतो, पण पंधरा वर्षांनी विकताना घेणाऱ्याला बँक कर्ज देत नाही आणि तुमचे पैसे त्यात अडकून पडतात.

आणखी एक कागद लोक विसरतात, तो म्हणजे कन्व्हेयन्स (अभिहस्तांतरण). सोसायटी स्थापन झाली आहे का आणि जमीन तिच्या नावावर झाली आहे का? बिल्डर टाळाटाळ करत असेल तर मानीव अभिहस्तांतरणाची सोय कायद्यात आहे. तीस वर्षांनी पुनर्विकासाची वेळ येईल, तेव्हा हाच कागद तुमच्या वारसांच्या कामी येणार आहे.

भाडेकराराबाबत माझी कळकळीची विनंती: तो नोंदवल्याशिवाय किल्ली देऊ नका. पुण्यात अजूनही कितीतरी मालक स्टॅम्पपेपरवर नोटरी करून मोकळे होतात. ‘अकरा महिन्यांचाच तर आहे, नोंदणी लागत नाही’ हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणं ही मालकाची जबाबदारी आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर. याउलट नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स करार हाती असेल, तर मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याकडून कलम २४ खाली जागा परत मागता येते आणि दुप्पट दराने भरपाईही.

खर्च तरी किती? मुद्रांक शुल्क पूर्ण मुदतीच्या भाड्यावर, अधिक डिपॉझिटवर धरलेल्या वार्षिक १० टक्के व्याजावर, पाव टक्का. २४ महिन्यांचा करार, २० हजार भाडं, ५० हजार डिपॉझिट असेल तर ४ लाख ९० हजारांचा पाव टक्का, म्हणजे १,२२५ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १ हजार आणि दस्तहाताळणीचे ३००. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर हे घरी बसून ऑनलाइन होतं. अडीच हजारांसाठी ६० लाखांचं घर धोक्यात घालू नये. भाडेकरूची माहिती पुणे पोलिसांकडे ऑनलाइन भरा आणि पोच जपून ठेवा. सोसायटीलाही कराराची प्रत द्या. घर भाड्याने दिल्याबद्दल सहकारी गृहनिर्माण संस्था बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, पण सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त नाही. राज्य सरकारचा तो आदेश १ ऑगस्ट २००१ चा आहे. जास्त घेत असतील तर आदेशाची प्रत पुढे ठेवा. भांडावं लागत नाही.

मिळकतकराची गोष्ट खास पुण्याची. स्वतः राहणाऱ्या मालकाला महापालिका ४० टक्के सवलत देते, भाड्याने दिलेल्या घराला ती नाही. घर विकत घेताना आधीच्या मालकाचं बिल बघून तुम्ही हिशेब केलात, तर तो चुकेल, कारण त्याच्या बिलात सवलत असू शकते. आणि भाड्याने दिल्यावरही गुपचूप सवलत घेत राहू नका. तपासणीत सापडलं तर मागची थकबाकी दंडासह येते.

प्राप्तिकरात भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा करून जे उरतं, त्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. त्यासाठी दुरुस्तीच्या पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. कर्जाचं व्याजही वजा होतं. मात्र नव्या करप्रणालीत व्याज भाड्यापेक्षा जास्त झालं तर तो तोटा पगारातून वजा करता येत नाही. जुन्या प्रणालीत वर्षाला २ लाखांपर्यंत येतो. ‘कर वाचेल’ म्हणून कर्ज काढण्याचा जुना सल्ला आता तपासूनच घ्या. परदेशात राहून इथे घर घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: मालक अनिवासी असेल तर भाड्यातून ३० टक्के अधिक उपकर एवढा टीडीएस कापून भरणं भाडेकरूवर बंधनकारक आहे. हे पुष्कळ भाडेकरूंना माहीत नसतं. करार करतानाच सांगा.

भाडेकरू निवडताना त्याची नोकरी, आधीच्या मालकाशी फोनवर दोन मिनिटं बोलणं, आणि घरात राहणार किती जण एवढं पुरतं. आडनाव, जात, धर्म विचारून घर नाकारणारे मालक मी पाहिले आहेत. माणूस म्हणून ते लाजिरवाणं आहेच, शिवाय त्या हट्टापायी घर दोन-तीन महिने रिकामं राहिल्याचंही पाहिलं आहे. एकट्या राहणाऱ्या नोकरदार मुलींना नाही म्हणणाऱ्या सोसायट्यांबद्दलही तेच. आमच्या घरात हडपसरच्या एका रुग्णालयातल्या दोन परिचारिका चार वर्षं राहिल्या. चार वर्षांत एकदाही भाडं पाच तारखेच्या पुढे गेलं नाही.

डिपॉझिट हे भाडेकरूचे पैसे असतात. ते खर्च करू नका, वेगळ्या खात्यात ठेवा. घर देताना प्रत्येक खोलीचे फोटो तारखेसह काढून दोघांच्या फोनवर ठेवा आणि वीज मीटरचा आकडा करारात लिहा. महावितरणचं शेवटचं बिल कुणी भरायचं, यावरून होणारे वाद त्यामुळे टळतात. त्या परिचारिकांपैकी एकीचं लग्न ठरलं, दुसरीची बदली झाली, तेव्हा दोघींनी किल्ली दिली त्याच संध्याकाळी भिंतीवरचा एक खिळ्याचा खड्डासुद्धा न मोजता आम्ही पूर्ण डिपॉझिट परत केलं. रंग तर द्यायचाच होता. पुढच्या रविवारी त्यांच्याच वॉर्डातली तिसरी मैत्रीण आपल्या आईला घेऊन घर बघायला आली. एजंट लागला नाही, घर नऊ दिवसच रिकामं राहिलं.